शब्दचर्चा : ‘व्हाइट मॅटर’ला मराठीत काय म्हणायचं?

तापीकाठ (चोपडा) :
स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. ‘व्हाइट मॅटर ॲबनॉर्मॅलिटीज’ला ‘श्वेत द्रव्यातील विकृती’ असं लिहिलं होतं. एका आईला वाचून दाखवलं, तर तिने लगेच विचारलं, "डोकामा पानी व्हयी गयं का?" ‘द्रव्य’ तिने ‘द्रव’ ऐकलं. ‘विकृती’ला तर तिचा चेहराच उतरला. दुसरे शब्द सुचवा.

गिरणाई (जळगाव) :
ताई, पदार्थ या अर्थाने ‘द्रव्य’ बोलण्यात राहिलेलंच नाही, म्हणून कान ‘द्रव’कडे जातो. सरळ ‘मेंदूतला पांढरा भाग’ लिहा. फक्त ‘पांढरे डाग’ टाळा. लोकांना ते कोड वाटतं. शिवाय वयस्कर माणसाच्या एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्याच्या पांढऱ्या खुणा दिसतात, ती गोष्ट निराळी.

नाना (धुळे) :
‘पांढरा भाग’ ठीक, पण तो करतो काय, हे त्यातून कळत नाही. मेंदूतल्या पेशींचे लांब तंतू एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेतात. त्यांच्यावर मायलिनचं चरबीयुक्त वेष्टन असतं, त्यानेच हा भाग पांढरा दिसतो. विहिरीवरच्या मोटारीच्या केबलला आवरण असतं तसं समजा. मात्र मायलिन नुसतं झाकत नाही, निरोपाचा वेग कितीतरी पटीने वाढवतं. म्हणून मी ‘मेंदूचे भाग जोडणारे तंतू’ म्हणेन. लांब झालं तरी चालेल.

तापीकाठ :
घेतलं, नाना. आणि ‘विकृती’?

स्कॅनरूम (भुसावळ) :
काढाच. डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग या एमआरआयच्या प्रकारात पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने किती सरकतात, यावरून एक माप काढतात. 2018 साली एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या गटाने 1963 रुग्ण आणि 2359 निरोगी व्यक्तींची अशी मापं एकत्र तपासली. 25 पैकी 20 भागांत रुग्णांचं माप सरासरीने कमी निघालं. हा ‘सरासरीने’ कृपा करून गाळू नका. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत पुष्कळ मिसळलेले असतात. एकट्या माणसाचा स्कॅन बघून स्किझोफ्रेनियाचं निदान होत नाही, ते बोलून, लक्षणं पाहूनच करतात. माप कमी का, मायलिन कमी आहे की तंतूंची मांडणी वेगळी, हेही त्या आकड्यावरून ठरत नाही. बायपोलर या दुसऱ्या मानसिक आजारातही असे फरक सापडतात. मग ‘दोष’, ‘बिघाड’, ‘विकृती’ हे तिन्ही शब्द पुराव्यापेक्षा जास्त बोलतात. ‘फरक’ पुरे.

गिरणाई :
अगदी. ‘विकृतिशास्त्र’ कॉलेजात ठीक. घरात ‘विकृत’ ही शिवी आहे. बाहेरचं लागलं, आईने लाडावून ठेवलं, हे ऐकून ऐकून ती बाई आधीच खचलेली असते. त्यात आपल्या पत्रकाने भर घालू नये.

तापीकाठ :
मग वाक्य असं : ‘स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांच्या एकत्रित तपासणीत, मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंमध्ये सरासरीने थोडा फरक आढळतो.’ पुढे एक ओळ वयाची घालते, कारण "बारावीपर्यंत तर चांगला होता" हे प्रत्येक घरी ऐकू येतं. या तंतूंची वाढ विशी-तिशीपर्यंत चालू असते आणि आजारही बहुधा त्याच वयात सुरू होतो. एकामुळे दुसरं होतं, असं मात्र लिहिणार नाही.

आता हेच अहिराणीत आणि यावल-रावेरकडच्या लेवा बोलीत हवं आहे. कोण करून देतं?