कारभार तपासायचा तर प्रश्नावली नको, एका कागदामागे फिरा

टाचणी (धागाकर्ता)
कंपनीचा आतला कारभार, म्हणजे खरेदीची मंजुरी, बिलं, रजा, पगार, नोंदी, नीट चाललाय का हे तपासायची टूम निघाली की सगळ्यात आधी प्रश्नावली येते. 'आपल्या विभागात लेखी कार्यपद्धती आहे का? होय/नाही.' सगळे 'होय'वर टिक मारतात, अहवाल होतो, कपाटात जातो.

माझं म्हणणं, एक कागद पकडा आणि तो जन्मल्यापासून फाइलला लागेपर्यंत त्याच्या मागे फिरा. मी एकदा फिरलोय. साधी खरेदीची मागणी होती, सह्या सात. कागदाला ११ दिवस लागले. कुठल्या टेबलावर तो खरोखर किती वेळ हातात होता ते वहीत लिहीत गेलो. बेरीज २५ मिनिटंही भरली नाही. उरलेला सगळा वेळ तो ट्रेमध्ये पडून होता. पाचव्या सहीवाल्यांना विचारलं, "तुम्ही यात नेमकं काय बघता?" म्हणाले, "आधीच्या चार सह्या झाल्यात का ते."

माझ्या मते त्या सातातल्या तीन तरी उद्याच्या उद्या उडवता येतील.

ताळेबंद
वाचायला मजा आली, पण निष्कर्ष पटला नाही. एका कागदावरून पद्धतीचं माप काढणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. भाताला ते चालतं, कारण सगळी शितं एकाच आधणात शिजलेली असतात. ऑफिसातले कागद तसे नसतात. तुम्ही पकडलात तो सरळमार्गी कागद. घोळ होतो तो वाकड्या कागदात: तातडीची खरेदी, परत केलेला माल, दोनदा आलेलं बिल.

दुसरं, मंजुरीची साखळी वेगासाठी नसतेच मुळी. मागणी करणारा, मंजूर करणारा, माल ताब्यात घेणारा आणि पैसे सोडणारा ही माणसं वेगळी हवीत, एवढा एकच तिचा अर्थ. १९९५ मध्ये बेअरिंग्ज बँक बुडाली ती याच कारणाने. लंडनची, १७६२ पासूनची बँक. सिंगापूरमधला निक लीसन सौदेही करायचा आणि त्या सौद्यांचा हिशेब बघणारा विभागही त्याच्याच हाताखाली. तोटा एका खात्यात दडवत गेला, आकडा ८२.७ कोटी पौंडांवर पोचला. कामं विभागणं तिथेही कुणाला तरी 'उगाच वेळखाऊ' वाटलं असणार.

टाचणी
बेअरिंग्जचं उदाहरण दिलंत ते बरं झालं, कारण ते माझ्या बाजूचं आहे! दोन्ही कामं एकाच माणसाकडे आहेत, हे तिथल्या अंतर्गत लेखापरीक्षकांनी १९९४ मध्येच लिहून दिलं होतं. म्हणजे तपासणी झाली, दोष सापडला, अहवालात उतरला, आणि पुढच्या फेब्रुवारीत बँक गेली. बदल झाला का, हे प्रत्यक्ष त्या टेबलावर जाऊन कोण बघणार होतं?

सरळमार्गी कागदाचा मुद्दा मान्य. यापुढे एक सरळ आणि एक वाकडा पकडेन.

आवकजावक
तुम्हा दोघांच्या भांडणात एक साधी गोष्ट राहून जातेय. मागे फिरायचीही गरज नाही आणि प्रश्नावलीचीही. अडकलेली कामं मोजा. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम आहे: सरासरी अडकलेली कामं म्हणजे रोज येणारी कामं गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. ट्रेमध्ये ४० बिलं आहेत आणि रोज ८ येतात, तर एका बिलाला सरासरी ५ दिवस लागतात. घड्याळ लावून कुणाच्या मागे उभं राहायला नको. (आणि खरं सांगू का, वही घेऊन मागे कुणी उभं राहिलं की माणूस त्या दिवशी जरा जास्तच चटपटीत होतो. तुमचे ११ दिवस म्हणजे चांगले दिवस असतील.)

ताळेबंद
@आवकजावक, आवक-जावक स्थिर असेल तर हिशेब बरोबर. महिनाअखेरीला बिलांचा पूर येतो तेव्हा ते ५ दिवस धरून बसू नका. शिवाय यातून 'किती वेळ' कळतो, 'बरोबर झालं का' कळत नाही. पीओ (खरेदीची ऑर्डर), माल मिळाल्याची नोंद आणि बिल हे तीन कागद एकमेकांशी ताडून न बघता एका दिवसात ४० बिलं पास करणारा माणूस तुमच्या गणितात हिरो ठरेल.

कार्बन_कॉपी
मी एवढंच बघते: ईआरपी (सगळ्या विभागांच्या नोंदींची एकच संगणक प्रणाली) असताना लोकांनी बाजूला कुठल्या एक्सेल आणि कुठल्या वह्या ठेवल्यात? जिथे खासगी वही, तिथे पद्धतीला भोक. आमच्याकडे स्टोअरमध्ये एक वही होती, सिस्टिममधल्या साठ्यापेक्षा सगळ्यांचा तिच्यावर जास्त विश्वास. वहीवाले रजेवर गेले की स्टोअर अर्धं बंद.

जाडजूड मॅन्युअलवाल्यांसाठी: आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीने गुणवत्ता मॅन्युअलची सक्तीच काढून टाकली. तरी लोक अजून बाइंडिंग करून घेतात.

ताळेबंद
सक्ती मॅन्युअलची काढली. प्रक्रिया ठरलेल्या हव्यात आणि त्या पाळल्याचा लागेल तेवढा लेखी पुरावा हवा, हे तसंच आहे. ही अर्धी गोष्ट सांगून लोक दप्तर रिकामं करतात आणि मग वहीवाले रजेवर गेले म्हणून रडतात. लिहून ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती.

कार्बन_कॉपी
लिहिलेलं होतं हो. तीन वर्षांपूर्वीचं. तोवर रॅकसुद्धा बदलले होते.

खालीसही
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. टाचणी, तुमच्या गोष्टीतले पाचवे सहीवाले मी नाही, पण आमच्याकडचा पाचवा मीच. दिवसाला पन्नास-साठ कागद येतात. प्रत्येक वाचतो असं म्हटलं तर खोटं बोलेन. चार वरिष्ठांच्या सह्या असलेला कागद अडवायचा तर छातीही लागते. एकदा अडवला, तेव्हा दोन दिवस बोलणी खाल्ली.

तरी माझी सही उडवायची म्हटलं तर मी विरोध करेन.

टाचणी
खालीसही, राग नसावा. पण तो कागद का अडवलात? त्यात काय दिसलं?

खालीसही
राग कसला. जुन्या पुरवठादाराचं बिल होतं. रक्कम बरोबर, पीओ बरोबर, माल आलेला. फक्त बँक खात्याचा नंबर बदललेला. पूर्वीचे शेवटचे तीन आकडे माझ्या डोक्यात बसले होते, म्हणून खटकलं. जुन्या फाइलमधल्या नंबरवर फोन केला, तर ते म्हणाले, आम्ही खातं बदललेलंच नाही. बदलाचा ईमेल भलत्याच कुणी पाठवला होता.

ताळेबंद
बघा. हीच ती 'उद्याच्या उद्या उडवता येणारी' सही.

टाचणी
थांबा ताळेबंद. खालीसही, खातं बदललं की जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची, हे तुमच्या कामात कुठे लिहिलंय का? आणि तुम्ही रजेवर असलात की ती सही कोण करतं?

खालीसही
लिहिलेलं नाही. रजेवर असलो की चौथे साहेबच माझीही करतात.