विषय: भारतात असताना घरच्या सर्व्हरवर लॉगिन, पोर्ट २२ उघडू का?

नमस्कार मंडळी,
दोन महिने पुण्याला जायचंय. घरच्या उबुंटू सर्व्हरवर सगळे फोटो आणि मंडळाच्या हिशेबाचा बॅकअप आहे. तिथून ॲडमिन म्हणून शिरता यावं यासाठी राउटरवर पोर्ट २२ (दुरून लॉगिन करायच्या एसएसएचचं दार) उघडून ठेवू का? पासवर्ड चांगला लांबलचक आहे.

- - -

काका, नका उघडू. बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) दिवसरात्र दारं ठोठावत असतात, लॉग (सर्व्हरची नोंदवही) रूटच्या, म्हणजे मुख्य ॲडमिन खात्याच्या, फसलेल्या लॉगिननी भरून जाईल. २२ चं २२२२ केलंत तर लॉग शांत होतो, बाकी काही साधत नाही.

वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतचा खाजगी बोगदा, टनेल) बसवा आणि राउटरवरून फक्त त्याचं पोर्ट, यूडीपी ५१८२०, सर्व्हरकडे वळवा. ओळखीची की (डिजिटल किल्ली) नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही. एसएसएच त्या टनेलच्या आतूनच करा, ईडी२५५१९ प्रकारची की वापरून, कीला पासफ्रेज (तिचा स्वतःचा पासवर्ड) घालून.

निघण्यापूर्वी घरचा सबनेट (घरातल्या नेटवर्क पत्त्यांचा गट) बदला, हे विसरू नका. इथे १९२.१६८.१ आणि पुण्याच्या राउटरवरही तेच असेल, तर हँडशेक (दोन टोकांची ओळख पटणं) होतो, टनेल जोडलेला दिसतो, पण लॅपटॉप सर्व्हरला पुण्याच्याच घरात शोधत बसतो. १९२.१६८.७३ असं काहीतरी आडवळणाचं घ्या.

- - -

वरच्यात महत्त्वाची भर. किल्लीने लॉगिन जमलं की लोक पासवर्ड लॉगिन बंद करतात आणि तो चालूच राहतो! उबुंटूत बऱ्याचदा ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची छोटी फाइल असते, तिच्यात पासवर्डला ‘येस’ लिहिलेलं असतं. एसएसएचची मुख्य सेटिंग फाइल तिला अगदी सुरुवातीला ओढून घेते, आणि एसएसएच पहिलं सापडलेलं मूल्य धरतो. खाली तुम्ही लिहिलेलं ‘नो’ वाया. त्याच फोल्डरमध्ये ‘०१’ने सुरू होणारी, शेवटी डॉट कॉन्फ असलेली फाइल करून ‘नो’ तिच्यात लिहा. मग सुडो (ॲडमिनचा अधिकार) लावून एसएसएचडीला, म्हणजे सर्व्हरवरच्या एसएसएच प्रोग्रामला, मोठा टी (-T) द्या, खरोखर काय लागू आहे ते दिसेल.

रिस्टार्टआधी तसंच छोट्या टीने (-t) फाइल तपासा. लॉगिनची उघडी खिडकी मिटू नका. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन झालं की मगच. की असूनही पासवर्ड मागत असेल तर परवानग्या बघा: एसएसएचचं फोल्डर ७००, किल्ल्यांची फाइल ६००, आणि होम फोल्डर ग्रुपला लिहिता येत नाही ना.

चाचणी फोनचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून करा.

- - -

मोबाइल डेटावरून हँडशेकच होत नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.८४ ने सुरू होतो.

- - -

मग दोष तुमच्या सेटिंगचा नसावा. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते सीजीनॅटचे. एकच पब्लिक पत्ता कंपनी अनेक घरांत वाटते, त्यामुळे तुमच्या राउटरवरचं पोर्ट बाहेरून कुणाला दिसतच नाही. कंपनीकडे पब्लिक आयपी मागा. नाही मिळाला तर टेलस्केल घाला: आत वायरगार्डच, पण दोन्ही टोकं आतून बाहेर जोडतात, पोर्ट उघडावं लागत नाही. त्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि सर्व्हरच्या कीची मुदत बंद करा, नाहीतर मुदत संपल्यावर तो तुमच्या माघारी जोडणीतून गळेल.

आणि सर्व्हरच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ‘वीज परत आली की चालू हो’ हे निवडा. लाइट गेली तर बटण दाबायला घरी कुणी नसेल.