सत्तरीनंतर पूर्ण भूल नकोच, असा आग्रह धरावा का?

सातारची लेक
आई ७८ वर्षांची. मोरीत घसरून खुबा मोडला. पूर्ण भूल देऊन ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री मलाच विचारते, "बाई, तुम्ही कुणाच्या?" सलाइन उपटलं, गेलेल्या मावशीशी बोलत बसली. चार दिवसांनी ताळ्यावर आली, पण दुधाचा हिशेब अजून चुकतो. ही औषधं मेंदूतली रसायनं ढवळतात. जमेल तिथे पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचीच भूल द्यावी, हे माझं ठाम मत.

रात्रपाळी
मी भूलतज्ज्ञ आहे. आईंचं वाचून वाईट वाटलं, पण मत पटलं नाही. पूर्ण भुलीसाठी देतात ते प्रोपोफॉल मेंदूला शांतवणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा जोर वाढवतं, हे खरं. पण एका ऑपरेशनपुरतं दिलं तर बंद केल्यावर थोड्याच वेळात माणूस जागा होतो. दुसऱ्या रात्रीचा भ्रम एकट्या त्याच्या माथी कसा मारायचा? हाड मोडल्याने उसळलेला दाह मेंदूपर्यंत पोचतो; शिवाय वेदना, जागरण. खुबा मोडलेल्या १,६०० जणांवरची अमेरिका-कॅनडातली 'रीगेन' चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. पाठीतली भूल असो की पूर्ण, भ्रम दोन्हीकडे साधारण पाचात एकाला.

सातारची लेक
त्यात पाठीत इंजेक्शन घेतलेल्या अनेकांना झोपेचं औषधही दिलं होतं ना? मग तुलना कसली!

रात्रपाळी
रास्त शंका. चीनमधल्या 'रागा' चाचणीत ते दिलंच नव्हतं. ६५ वर्षांपुढचे ९५० रुग्ण. भ्रम पाठीतल्या भुलीत ६.२ टक्के, पूर्ण भुलीत ५.१. म्हणजे फरक नाहीच.

मिरजकर
डॉक्टर, औषधांना एवढं निर्दोष सोडू नका. नाडी मंदावू नये म्हणून टोचतात ते ॲट्रोपीन ॲसिटिलकोलीनला, म्हणजे लक्ष आणि स्मरणाला लागणाऱ्या रसायनाला, अडवतं; आणि म्हाताऱ्या मेंदूत त्या रसायनाची आधीच टंचाई. मिडाझोलाम हे गुंगीचं औषधही तुम्ही जपूनच देता. भुलीचा प्रकार नसेल महत्त्वाचा, पण सोबत काय टोचलं ते आहेच.

रात्रपाळी
यावर वाद नाही. म्हणून मी ॲट्रोपीनऐवजी शक्यतो ग्लायकोपायरोलेट वापरतो, ते मेंदूत फारसं शिरत नाही. भ्रम टाळायचा तर ऑपरेशननंतर चष्मा आणि कानाचं यंत्र मात्र लगेच परत द्या. रात्री घरचं माणूस उशाशी हवं.

सातारची लेक
आईचा चष्मा तीन दिवस माझ्या पर्समध्ये होता. हरवेल म्हणून नर्सनेच काढून दिलेला. सह्या घेताना जिवाच्या धोक्याचं सांगितलं, भ्रमाबद्दल अवाक्षर नाही. सोमवारी आत्याचं ऑपरेशन आहे. चष्मा नेईनच, पण पाठीतल्या भुलीचंही विचारणार.