पुरातत्त्व घ्यायचं म्हणतेय ती

आई: हिला पदवीला पुरातत्त्व घ्यायचंय. ताई, तू हे शिकली आहेस, तूच सांग बाई.

मामा: इतिहासच ना तो? पाठांतराचा विषय.

ताई: नाही मामा. इतिहासात कागद वाचतात, आम्ही माती वाचतो. पहिल्या उत्खननात मी चार दिवस एकाच चौरसात बसून थापीने माती खरवडत होते. एक गोल काळपट डाग दिसला, बशीएवढा. मी तो खरवडून टाकणार, तेवढ्यात सरांनी थांबवलं. लाकडी खांबाचा खड्डा होता तो. खांब कुजून गेला आणि त्या जागी गडद, भुसभुशीत माती भरली. संध्याकाळपर्यंत तसे आणखी सहा दिसले, गोलाकार. म्हणजे चार दिवस मी कुणाच्या तरी घरात बसले होते! अजून अंगावर काटा येतो.

मामा: मौल्यवान काही मिळतं का?

ताई: खापरं मिळतात, पोत्यांनी. धुवायची, वाळवायची, एकेकावर नंबर घालायचा. कुठल्या थरातून आलं ते लिहिलं नाही, तर अख्खं भांडंसुद्धा मुकं. एकदा खणलेला थर पुन्हा खणता येत नाही ना. थरांचा क्रम आकृतीत मांडायची पद्धत एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये काढली, ती आम्ही घोटून घोटून शिकलो.

मामा: आणि वय? कार्बनवरून?

ताई: हो, पण एकेकाळी जिवंत असलेल्याचंच. कोळसा, हाड, बी. दगडाचं नाही. जीव मेल्यावर त्यातला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, सुमारे ५७३० वर्षांत निम्मा होतो, आणि साधारण ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याइतका उरत नाही. ही पद्धत शोधणाऱ्या विलर्ड लिबींना १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मावशी, हिचं विज्ञान इथे वाया जाणार नाही.

आई: आणि नोकरी?

ताई: खरं सांगते, जागा कमी आहेत. नुसत्या पदवीवर भागणं अवघड, पुढे एखादी बाजू पक्की करावी लागते: प्राण्यांची हाडं, जळके दाणे, नकाशे, संग्रहालय. प्रवेश घेताना एक नक्की विचारा, प्रत्यक्ष उत्खननाला किती आठवडे नेतात? वर्गात बसून मातीचा रंग ओळखता येत नाही.

मी: ताई, यंदा तुमच्याकडे उत्खननाला मदतीला घेतील मला?

ताई: उद्या विचारते. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड तळव्याचे बूट लागतील. आणि पेन्सिली आण. पेनाची शाई पाण्याने पसरते, नोंद जाते.