विषय: डॉ. गावंडे यांच्या अभिनंदनाचा ठराव

प्रेषक: श्रीकांत
14 नोव्हेंबर 2020

मंडळी, लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा.
अमेरिकेचे नवनिर्वाचित अध्यक्ष बायडन यांच्या ट्रान्झिशन टीमने (सत्तांतराची तयारी करणाऱ्या गटाने) सोमवारी कोविड सल्लागार मंडळ जाहीर केलं. त्यातल्या 13 जणांत डॉ. अतुल गावंडे आहेत. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे उटीचे, म्हणजे आमच्या यवतमाळकडचे. उमरखेडचं गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय त्यांनीच आईच्या नावाने काढलं. आपल्या मंडळाने अभिनंदनाचा ठराव करावा असं सुचवतो. माणूस राजकारणातला नाही, निव्वळ सर्जन, म्हणून कौतुक जास्तच.

प्रेषक: मीनल
14 नोव्हेंबर

श्रीकांतकाका, ठरावाला माझं अनुमोदन. फक्त "राजकारणातला नाही" एवढं गाळा. गावंडे तरुणपणी वॉशिंग्टनमध्ये चांगले मुरलेले होते. काँग्रेसमन (अमेरिकी खासदार) जिम कूपर यांच्याकडे त्यांनी काम केलं. 1992 साली मेडिकलचं शिक्षण मध्येच थांबवून ते क्लिंटन यांच्या प्रचारात आरोग्याचे सल्लागार झाले आणि निवडून आल्यावर सगळ्यांना आरोग्य विमा देण्याच्या त्या गाजलेल्या योजनेच्या कामालाही लागले. योजना 1994 मध्ये अमेरिकी संसदेत बारगळली. हे तोवर कॉलेजात परतले होते, 1995 ला एमडी झाले. सर्जरी, लेखन, डब्ल्यूएचओची ऑपरेशनपूर्वीची चेकलिस्ट, हे सगळं त्यानंतरचं. माझ्या मते या मंडळावर त्यांचा खरा उपयोग चेकलिस्टपेक्षा त्या फसलेल्या योजनेमुळे होईल. कागदावर चोख असलेली गोष्ट वॉशिंग्टनमध्ये कुठे अडकते, हे त्यांनी जवळून पाहिलंय.

प्रेषक: प्रसाद
15 नोव्हेंबर

मीनल, हेवनचं नाव शिताफीने टाळलंस! अ‍ॅमेझॉन, बर्कशायर हॅथवे आणि जेपी मॉर्गन चेस या तिघांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च कमी करायला मिळून काढलेली कंपनी. 2018 मध्ये गावंडे तिचे सीईओ झाले, यंदा मे महिन्यात ते पद सोडून नुसते चेअरमन राहिले. गाजावाजा झाला त्या मानाने हाती काही लागलेलं दिसत नाही.
आणि एकटे गावंडेच कशाला? खात्याखात्यांचा आढावा घेणाऱ्या टीमच्या याद्या मंगळवारी आल्या, त्या बघा. संरक्षण खात्याच्या टीमच्या प्रमुख कॅथलीन हिक्स सीएसआयएसमधून आलेल्या. त्या थिंक टँकला शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्या पैसे देतात. त्याआधी त्या ओबामांच्या काळात पेंटागॉनमध्येच, म्हणजे संरक्षण खात्यातच होत्या. इतर याद्यांत अ‍ॅमेझॉनची माणसंही आहेत. सरकारातून बाहेर, बाहेरून सरकारात. दार तेच. ठराव करायचा तर या दाराचा करा.

प्रेषक: मीनल
15 नोव्हेंबर

प्रसाद, हेवनबद्दल बरोबर, मुद्दा मान्य. पण त्या याद्यांत नावापुढे दोनच गोष्टी दिल्यात: सर्वात अलीकडची नोकरी कुठे होती आणि या कामाचे पैसे मिळतात की काम बिनपगारी आहे. त्या एका नोकरीवरून माणूस जोखायला गेलं की दोन्ही बाजूंनी फसायला होतं. ऊर्जा खात्याच्या टीमचे प्रमुख अरुण मजुमदार यांच्यापुढे स्टॅनफर्ड लिहिलंय. वाचणाऱ्याला वाटेल, साधे प्राध्यापक. प्रत्यक्षात ते आयआयटी पवईचे 1985 चे बीटेक, ऊर्जा खात्यातल्या, नव्या ऊर्जा तंत्रज्ञानाला पैसे देणाऱ्या आर्पा-ई संस्थेचे पहिले संचालक आणि मग गूगलमध्ये ऊर्जेचं काम पाहणारे. गूगल त्या रकान्यात दिसत नाही. तुझं दारही दिसत नाही, कारण मध्ये विद्यापीठ आलं! मी तरी आधी एवढंच बघते की माणूस ज्या खात्याचा आढावा घेतोय, त्या खात्यात त्याने स्वतः काही चालवलं होतं का. मजुमदारांनी चालवलं होतं. मग पगार कोणी दिला ते बघायचं. ते बघायचंच, सोडायचं नाही.

प्रेषक: सुनीता
15 नोव्हेंबर

तुम्हा दोघांचं चालू द्या. मी रात्रपाळी करून आत्ता घरी आले. त्या 13 जणांत 10 डॉक्टर आहेत. डेव्हिड केसलर औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएचे माजी प्रमुख, विवेक मूर्ती माजी सर्जन जनरल (सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर), एप्रिलमध्ये लसी-औषधांच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या बार्डा या सरकारी संस्थेच्या प्रमुखपदावरून हटवल्यावर तक्रार करणारे रिक ब्राइट (हे डॉक्टर नव्हेत, शास्त्रज्ञ). सगळी माणसं मोठी, वाद नाही. पण नर्स एकही नाही. पीपीई कमी पडली तेव्हा तेच गाऊन पुन्हा पुन्हा घालणारं कोण होतं? ठरावात हे लिहिणार असाल तर माझी सही घ्या.

प्रेषक: श्रीकांत
17 नोव्हेंबर

सुनीताताई, रास्त आहे. पण सध्या या मंडळाला सरकारी अधिकाऱ्यांशी बोलायचीच सोय नाही. सत्तांतराला अधिकृत परवानगी देणाऱ्या जीएसए या सरकारी संस्थेच्या प्रमुख एमिली मर्फी निकालाची अधिकृत नोंद करत नाहीत, तोवर खात्यांची दारं बंद. प्रसादचं फिरतं दार तूर्तास अडकलंय म्हणायचं. ठराव पुढे ढकलतो.

प्रेषक: सुनीता
29 नोव्हेंबर

मर्फीबाईंनी 23 तारखेला परवानगीचं पत्र दिलं आणि काल मंडळावर आणखी तिघं घेतली. जेन हॉपकिन्स नर्स आहेत, मूळच्या सिएरा लिओनच्या, मानसिक आरोग्याच्या वॉर्डात काम केलेल्या आणि युनियनच्या पदाधिकारी. जिल जिम नवाहो नेशनचं (अमेरिकेतल्या नवाहो या मूळनिवासी जमातीच्या स्वशासित प्रदेशाचं) आरोग्य खातं सांभाळतात. डेव्हिड मायकेल्स ओबामांच्या काळात ओशाचे प्रमुख होते. कामाच्या जागी मजूर सुरक्षित आहेत का, हे पाहणारं खातं ते. मांस कारखान्यांत यंदा मजुरांमध्ये कोविड जसा पसरला, ते पाहता हा माणूस पहिल्याच यादीत हवा होता.
पहिल्या यादीतल्या रॉबर्ट रॉड्रिग्ज यांच्यावर मी मागे अन्याय केला असं कोणी म्हणायला नको. हा इमर्जन्सीचा डॉक्टर उन्हाळ्यात टेक्सासच्या सीमेवर, स्वतःच्या गावी ब्राउन्सव्हिलला मदतीला गेला होता.

प्रेषक: श्रीकांत
29 नोव्हेंबर

ठराव येत्या रविवारच्या झूम बैठकीत घेऊ. मीनल, मसुदा तू कर. "निव्वळ सर्जन" काढ, हेवन ठेव. प्रसाद, तू अनुमोदन देणार की विरोध, ते आधी कळव. मागच्या वेळेसारखं ऐनवेळी नको.