'लेव्हल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : बेळगावच्या वडगावात घराचं बांधकाम चाललंय. दिवसभर 'लेव्हल धर', 'लेव्हल आण इकडं', 'रस्त्यापेक्षा लेव्हल वर घे' हेच कानावर येतं. तिन्ही ठिकाणी 'पातळी' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार, कारण या तीन वाक्यांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या वाक्यात उंची आहे, तिथे 'पातळी' अगदी बरोबर. आलमट्टी धरणाची पूर्ण पातळी 519.60 मीटर म्हणतो, तशीच जोत्याची पातळी. पण 'लेव्हल धर' म्हणजे काम साचलेल्या पाण्यासारखं आडवं राहू दे. आणि 'लेव्हल आण' म्हणजे बुडबुडा असलेलं ते हत्यार. या दोन्ही अर्थांना मराठीत 'पाणसळ' हा शब्द आहे. तो कोशात पडून राहिलाय याचं मला फार वाईट वाटतं, कारण शब्दातच सगळी युक्ती सांगितलेली आहे. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर थांबतं. मात्र नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर माप चुकतं. उलट हातातल्या पाणसळीत बुडबुडाच खूण दाखवतो. त्यात पाण्याऐवजी बहुधा अल्कोहोल असतं. ते थंडीत गोठत नाही आणि बुडबुडा झटकन सरकतो.

इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिन 'लिबेला', म्हणजे लहान तराजू.

'सपाट' आणि 'पाणसळीत' यांची गल्लत मात्र करू नका. न्हाणीघराची फरशी सपाट हवी, पण पाणसळीत नको. तिला मोरीकडे ढाळ पाहिजे, नाहीतर पाणी साचणार. खानापूरकडे पाऊस एवढा असतो की गच्चीचा ढाळ चुकवून भागतच नाही. भाताच्या खाचरात उलट. चिखल करून फळी मारायची ती पाणी सगळीकडे सारखं उभं राहावं म्हणून. कागदोपत्री त्याला 'सपाटीकरण' म्हणतात. शब्द ठीक आहे, पण पाण्याची गोष्ट त्यातून निसटते.

आणखी एक उत्तर : कानडीत यातल्या बऱ्याच अर्थांना 'मट्ट' पुरतो. पाण्याची पातळी म्हणजे 'नीरिन मट्ट', जिल्हास्तरीय म्हणजे 'जिल्हा मट्टद', समुद्रसपाटीला 'समुद्र मट्ट'. आपण मात्र पातळी, स्तर आणि सपाटी असे वेगळे शब्द वापरतो. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटांना इंग्रजीत 'लेव्हल क्रॉसिंग' म्हणतात ते रूळ आणि रस्ता एकाच उंचीवर भेटतात म्हणून. मराठीत 'फाटक' किंवा 'गेट' म्हटलं की भागतं, तिथे उंची शब्दात आणायची गरजच नाही.

प्रश्न : आणि माणसांबद्दल? 'त्याच्या लेव्हलला उतरू नको' म्हणतात ते?

उत्तर : तिथे 'पातळी' छान बसते. 'पातळी सोडून बोलणं' हा आपलाच वाक्प्रचार आहे. 'पायरी'सुद्धा आहे, पण 'आपल्या पायरीनं राहा' यात समोरच्याला खाली बसवायचा सूर येतो, म्हणून तो जपून वापरावा. 'लेव्हल प्लेइंग फील्ड'साठी मैदान सपाट करत बसू नका. 'दोघांना सारखी संधी' म्हणा. आणि गवंड्याला उद्या 'पाणसळ द्या' म्हणून बघा. वयस्कर असेल तर कदाचित लगेच ओळखेल.