"ठेविले अनंते" गरिबाला ऐकवायचं का?

इंद्रायणीकाठ: माझी आजी दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला पायी जायची, दोन लुगडी, एक पिशवी आणि डोक्यावर तुळस बस. घरात कधी कधी संध्याकाळचं पीठ नसायचं पण तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला पगार, फ्लॅट, गाडी सगळं असून नाही. मला मनापासून वाटतं की गरिबाचा आत्मा लवकर शांत होतो कारण ओझंच कमी असतं. तुकोबा सांगून गेलेत, ठेविले अनंते तैसेची राहावे. पटतं का?

जालन्याची लेक: नाही पटत दादा. पीठ नसलेल्या दिवशी आजीने स्वतः काय खाल्लं हे कधी विचारलंत? माझी आई सगळ्यांना वाढून झालं की पातेल्याची खरवड पाण्यात कालवून खायची आणि आम्हाला म्हणायची मला आज भूकच नाही गं, आम्हीपण त्यालाच समाधान समजायचो. ओझं कमी कसलं, गटाचा हप्ता चुकला की कर्जवाला दारात खुर्ची टाकून बसायचा आणि आई मागच्या दाराने शेजारी जायची उसने मागायला.
आणि तुकोबांचं नाव घेताय तर सगळं घ्या. 1630 च्या आसपासच्या दुष्काळात त्यांची बायको अन्न अन्न करत गेली, त्या दुःखाने त्रासलो, जिवाला लाज वाटली असं त्यांनी स्वतः लिहिलंय.

इंद्रायणीकाठ: ताई, आईचं वाचून गलबलून आलं. पण त्याच दुष्काळावर "बरे झाले देवा निघाले दिवाळे" पण त्यांचंच आहे ना. सगळं गेलं म्हणून देव आठवला असं ते म्हणतात, मग गरिबीतून आत्म्याची वाट सापडते हे खोटं कसं?

जालन्याची लेक: स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हणालेत ते! दुसऱ्याच्या नाही. घरची सावकारी होती त्यांची, लोकांकडून येणं होतं, तर अर्ध्या वह्या भावाला दिल्या आणि आपल्या वाट्याच्या इंद्रायणीत बुडवल्या असं चरित्रात सांगतात. म्हणजे कुळांना समाधानी राहा म्हणून नाही सांगितलं, त्यांचं देणंच सोडून दिलं. आज ठेविले अनंते कोण ऐकवतं बघा, ज्याच्या हातात वही असते तो.

मृदंगवाल्याचा पोरगा: ताईचं बरोबर आहे पण दादाच्या आजीला एकदम खोटं पाडू नका हो. माझे वडील ऊसतोडीला जायचे, तळहाताला कोयत्याचे घट्टे, आणि त्याच हातांनी एकादशीला रात्रभर मृदंग वाजवायचे. तेव्हा त्यांचा चेहरा मी जवळून बघितलाय, त्यात नाटक नव्हतं, पोट रिकामं होतं तरी नव्हतं. फक्त एवढंच की "जोडोनिया धन उत्तम वेव्हारे" पण तेच म्हणायचे, तेही तुकोबांचंच. सकाळी टाळ-मृदंग देवळात ठेवून, डोळे तांबारलेले, तसेच मुकादमाकडे जायचे टनामागे दर वाढवून मागायला, आणि दर मिळेपर्यंत गाडीत बसायचे नाहीत.